तांबी की हार्मोनची? प्रश्न साधनाचा नाही, अधिकाराचा आहे



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात महिलांची बैठक होती. विषय होता अंगात रक्त कमी असण्याचा. बोलता बोलता एक ताई, दोन लेकरांची आई, घरकाम करणारी, म्हणाली, “मॅडम, तांबी बसवल्यापासून पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं. दवाखान्यात काढा म्हटलं, तर म्हणतात होईल सवय. मी ज्यांच्याकडे कामाला जाते, त्या बाईंनीपण बसवलीय. त्यांची पाळी तर जवळजवळ बंदच झाली. त्यांची वेगळी असते का?”

हो, वेगळी असते. पण हे त्या ताईला तांबी बसवण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, याचं उत्तर डॉक्टरकीच्या पुस्तकात नाही, इतिहासात आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करते, कारण आपल्याच काही कार्यकर्त्यांना वाटतं की कुटुंबनियोजन म्हणजे बहुजनांची संख्या घटवण्याचा डाव. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो बाबासाहेबांचा होता. ते त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी मागणी होती. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्या भाषणातला युक्तिवाद मला आजही महत्त्वाचा वाटतो. लोकसंख्येचा आकडा त्यात आहे, गरिबी आहे, पण बाईच्या शरीराचा प्रश्नही तितकाच ठळक आहे. वारंवारच्या बाळंतपणाने बाई खंगते, मरते. म्हणून गर्भ राहू द्यायचा की नाही, हे ठरवण्याची मोकळीक तिला हवी. हे बोलणं पुस्तकी नव्हतं. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली होती.

त्याआधी १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. म्हणजे गर्भनिरोधन हा आपल्या चळवळीला बाहेरून चिकटलेला विषय नाही, तो आपल्याच वारशातला आहे.

आता साधनाचा इतिहास. गर्भाशयात बसवायची कडी जर्मनीत १९२०च्या दशकात अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग या डॉक्टरने प्रचारात आणली. तो ज्यू होता, नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत जॅक लिप्पेस यांनी प्लास्टिकचा ‘लूप’ केला. १९६५ पासून भारत सरकारने तोच लूप गावोगाव नेला. लाखो बायकांना तो बसवला गेला. आकडे गाठायचे होते, आणून देणाऱ्याला पैसे होते. पण नंतर रक्त गेलं, पोटात दुखलं, तर विचारायला कुणी नव्हतं. बायकांनी आपसांत बोलून निकाल लावला आणि लूपकडे पाठ फिरवली. सरकारी कागदांनी त्याला अफवा म्हटलं. मी त्याला बायकांचा अनुभव म्हणते.

मग तांबं आलं. टी आकाराचा सांगाडा हॉवर्ड टेटम यांचा, तांब्याची कल्पना चिलीच्या हाइमे झिपर यांची. तांब्याने शुक्रजंतू निकामी होतात, हार्मोनची गरज लागत नाही. आपल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं ‘तांबी’. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८० ए तांबी १० वर्षं चालते.

दुसरी शाखा हार्मोनची. फिनलंडमधल्या टापानी लुक्काइनेन यांच्या कामातून ती उभी राहिली आणि १९९० साली तिथेच प्रथम बाजारात आली. तिच्यात तांबं नसतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन रोज अगदी थोडं गर्भाशयातच सुटतं. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं. म्हणून पाळीत रक्त फार कमी जातं, आणि वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते. जास्त रक्तस्रावावर औषध म्हणूनही ती बसवतात. २०१५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

दोन्ही भरवशाच्या आहेत. वर्षाला शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. दोन्ही काढल्या की पुन्हा मूल होऊ शकतं. गुप्तरोगापासून मात्र दोन्ही वाचवत नाहीत. फरक आहे तो त्रासात. तांबीने पाळी वाढते, कळा वाढतात, विशेषतः पहिले काही महिने. हार्मोनवालीने सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, काहींना डोकेदुखी, मुरुमं, छाती दुखणं होतं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला ती चालत नाही. जिला हार्मोन नको, तिला तांबी बरी. जिची पाळी आधीच जड, जिच्या अंगात रक्त नाही, तिने हार्मोनवालीचा विचार करावा.

आणि इथेच जात-वर्गाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. सरकारी योजनेत मोफत मिळते ती तांबी. हार्मोनवाली खासगीत, काही हजार मोजून. म्हणजे जिचं रक्त आधीच कमी, तिच्या वाट्याला रक्त वाढवून घालवणारं साधन, आणि जिला परवडतं, तिला रक्त वाचवणारं. कुणी बसून हा कट रचला असं मी म्हणत नाही. पण परिणाम जातीच्या उतरंडीसारखाच दिसतो.

मग हार्मोनवाली उद्यापासून सगळ्यांना द्या, एवढं म्हटलं की संपलं का? नाही. हार्मोनचाही इतिहास आपण विसरू नये. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पतंचेरूला नेट-एन या हार्मोनच्या इंजेक्शनची चाचणी गरीब बायकांवर होणार होती. चाचणी आहे हे त्यांना धड सांगितलंही नव्हतं. स्त्री संघटनांनी ते उघडं पाडलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. २०१४ साली बिलासपूरच्या नसबंदी शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची शस्त्रक्रिया केली, त्यातल्या डझनाहून अधिक बायका मेल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशी शिबिरं बंद करा. साधन बदललं, तरी बाईकडे ‘केस’ म्हणून पाहणारी नजर बदलली नाही, तर नव्या साधनाचंही तेच होईल.

म्हणून मागण्या तीन. बसवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा आणि दोन्ही प्रकार तिच्या भाषेत समजावून सांगा. हार्मोनवाली तांबीसुद्धा सरकारी दवाखान्यात मोफत ठेवा. आणि बाई म्हणाली काढा, तर कारण न विचारता काढा. जे साधन काढून घेता येत नाही, त्याला निवड म्हणता येत नाही.

शेवटचं आपल्या भावांसाठी. त्याच पाहणीत स्त्रीनसबंदी सुमारे ३८ टक्के आहे, पुरुषनसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाकेही फारसे नसतात. जयंतीला निळा फेटा बांधून नाचणारे किती जण त्यासाठी पुढे आले? १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितलं होतं की नवऱ्याची मैत्रीण व्हा, दासी नाही. मैत्री असेल तर सगळा त्रास एकटीनेच का सोसायचा?

त्या ताईसोबत मी पुढच्या आठवड्यात दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन आठ निघालं. तांबी काढली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे काय वापरायचं ते ती ठरवणार आहे. या वेळी तिचा नवराही सोबत बसून ऐकत होता.

जय भीम, जय सावित्री.