धक्क्यापासून गावापर्यंत

माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी मागच्या हिवाळ्यात बायकामुलांना घेऊन मुंबईहून गोव्यापर्यंत मोठ्या बोटीने जाऊन आला. परत आल्यावर पेढे घेऊन घरी आला. पेढे कशाचे, तर बोटीत बसल्याचे! बोटीतला थाट त्याने तासभर सांगितला. सात मजले, पोहण्याचा तलाव, चोवीस तास चहा. मी सहज विचारले, “आणि गोव्यात काय काय पाहिले?” त्यावर त्याचा चेहरा उतरला. बोट लागली ती मुरगावच्या बंदरात. पणजी तिथून तीसएक किलोमीटर. बोटीवाल्यांच्या सहलीची बस त्याने पैसे वाचवण्यासाठी नाकारली होती. बंदराच्या आत पायी हिंडायला मनाई, म्हणून फाटकापर्यंत एका गाडीने सोडले. फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आमचा पठ्ठ्या मागे सरला, मग वास्कोच्या स्टँडवर जाऊन पणजीची बस धरावी म्हणाला, तेवढ्यात धाकटीला उलटी झाली. शेवटी दोन तास पणजीत काढून, बोट सुटेल या धाकाने ती मंडळी धावत परत आली. “सर, समुद्राचे काहीच वाटले नाही,” तो म्हणाला, “पण धक्क्यापासून गावापर्यंत जीव गेला.”

मी काही संशोधक नव्हे. कथाकादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर. पण त्याचे ते वाक्य माझ्या डोक्यात बसले, कारण हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते.

आम्ही सातारा-सांगलीकडची माणसे म्हणजे घाटावरची. समुद्राशी आमचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण साताऱ्याचा एक माणूस असा निघाला, की ज्याने परक्या धक्क्यावर एकट्याने उतरणे म्हणजे काय हे तेरा-चौदा वर्षे भोगले. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडले. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. ज्या कंपनीपुढे दाद मागायची, ती कंपनी त्यांना वकील म्हणून मानायलाच तयार नव्हती. म्हणजे पाहुणा म्हणून कुणी सामोरे येणार नाही, उतरायला जागा कुणी देणार नाही. खोली शोधा, भाडे भरा, भाषा शिका, अर्ज लिहा, आणि पैशासाठी साताऱ्याकडे व काशीकडे डोळे लावून बसा. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, तरी हा माणूस लंडनमध्येच. १८५३ मध्ये तो परतीला लागला, तेव्हा त्याचे भाडेही शेवटी कंपनीनेच भरले, याला विनोद म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

त्यांच्याही आधी, १७८१ मध्ये, राघोबादादांचे वकील हणमंतराव पारशी सोबत्यांबरोबर इंग्लंडात उतरले होते. सोवळेओवळे सांभाळणारा ब्राह्मण, आणि लंडनमध्ये स्वयंपाकाला जागा मिळेना. तेव्हा एडमंड बर्क या प्रसिद्ध वक्त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि झाडे ठेवायचे काचेचे घर रिकामे करून दिले. तिथे चूल मांडून पेशव्यांचा वकील आपला भात शिजवू लागला. काचघरातला तो धूर मला फार वेळा डोळ्यांपुढे दिसतो. बर्कसाहेबाने पुढे पार्लमेंटात वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध जी भाषणे केली, ती इतिहासाच्या पुस्तकात येतात. हे काचघर मात्र येत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू.

आज बोरीबंदर, चिंचबंदर, मस्जिदबंदर ही नावे घेताना तिथे कधी पाणी होते हे ध्यानातही येत नाही. समुद्र मागे हटवत हटवत शहर पुढे आले, आणि बंदरे आपली नावे रस्त्यांना आणि स्टेशनांना देऊन निघून गेली. जुन्या काळी जहाज खोल पाण्यात नांगर टाकी. तिथून मचव्यात किंवा होडीत उतरायचे; ओहोटी असेल तर मचवाही काठापर्यंत येत नसे. मग गुडघाभर चिखल. साहेबाला खलाशी खांद्यावर घेत; आपली माणसे धोतर वर खोचून, बायका लुगड्याचा ओचा सावरून, बोचके डोक्यावर घेऊन चालत.

ही दैना ज्याच्या मनाला लागली, त्या माणसाचे नाव आजही रोज हजारो लोक घेतात, पण तो कोण हे फार थोड्यांना ठाऊक असते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोकांचे ‘भाऊ’. पाठारे प्रभू समाजातला, सरकारी तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात कारकुनी केलेला गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने भराव घालून उतारूंसाठी धक्का बांधला. तोच भाऊचा धक्का. पुढे धक्का मूळ जागेवरून माझगावच्या बाजूला गेला. नाव मात्र उतारूंनी आपल्याबरोबर नेले. सरकारने त्याला फेरी व्हार्फ म्हटले तरी एकाही कोकण्याने ते नाव जिभेवर घेतले नाही.

मग मोठी गोदी आली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि विलायतेची वाट जवळ आली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. तिला लागूनच बॅलार्ड पियर. मेलबोटीचे साहेब लोक तिथे उतरत. त्यांची सोय अशी की धक्क्यावरच रेल्वेचे स्टेशन! त्याला बॅलार्ड पियर मोल म्हणत. बोटीतून उतरावे, समोर उभ्या असलेल्या गाडीत बसावे, आणि मुंबईचा धुरळाही अंगाला न लागता थेट दिल्ली-पेशावरच्या वाटेला लागावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्टेशन बंद पडले.

एकाच शहराचे हे दोन धक्के, एकमेकांपासून फार लांबही नव्हते. एका धक्क्यावर गाडी माणसाची वाट पाहत उभी. दुसऱ्या धक्क्यावर माणूस गाडी परवडेल का याचा हिशेब करत उभा. व्हिक्टोरिया होत्या, पण त्यांत बसायचे ते लग्नाच्या वऱ्हाडाने. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची. ती मात्र गरिबाची खरी मैत्रीण. १९६४ मध्ये तीही गेली.

आमच्या भागातली माणसे या दुसऱ्या धक्क्यावर उतरत. पाटण खोऱ्यातला गिरणीकामगार मुंबईला जायचा तो दोन वाटांनी. एक रेल्वेची, दुसरी घाट उतरून चिपळूण आणि तिथून आगबोट. कुंभार्ली घाटाची गाडीवाट फार जुनी. कराडचा गूळ-मिरची खाली जायची, मीठ-नारळ आणि सुकी मासळी वर यायची, आणि त्या गाड्यांतून माणसेही. चिपळूणचे बंदर गोवळकोट. वाशिष्ठीच्या खाडीतून लहान बोट भरती पाहून दाभोळला जाई, आणि दाभोळला मुंबईची आगबोट मिळे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी ती किनाऱ्याने फिरे. पुष्कळ ठिकाणी धक्काच नसे. आगबोट बाहेर उभी राही, आणि उतारूंना पडावात घालून तिच्या अंगाला नेत. लाट वर आली की शिडी धरायची, खाली गेली की थांबायचे. तान्ही मुले एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात अशी वर जात. पावसाळ्यात सारेच बंद.

माझी आजी या वाटेने १९४७ च्या फेब्रुवारीत गेली. वय बाविसाच्या आतबाहेर, कडेवर माझा थोरला चुलता. आजोबा लालबागेत गिरणीत होते. त्यांना रजा मिळाली नाही, आणि सोबत ठरलेल्या शेजाऱ्याला ऐन वेळी ताप आला. गाडी घाट उतरायला तयार उभी. ती एकटीच निघाली. पत्ता एका कागदावर लिहून तिने तो चोळीच्या गाठीत बांधला होता. तिला वाचता येत नव्हते. पण कागद कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे सासूने बजावले होते. टोपीवाल्याला दाखव, पगडीवाल्याला दाखव, हसत जवळ येणाऱ्याला दाखवू नकोस.

बोटीचा प्रवास तिने एका वाक्यात सांगितला: “रात्रभर सगळी ओकत होती.” धक्क्याची गोष्ट मात्र अर्धा तास चालायची. उतरल्याबरोबर एका हमालाने तिची पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालू लागला. ती मागे धावली. गर्दीत त्याचे लाल मुंडासे तेवढे दिसे. पोर रडते आहे, पायातली वहाण कुठे गेली पत्ता नाही, आणि ट्रंकेत सासूने दिलेल्या दोन पुतळ्या. ट्रंक चोरीला गेली असेच तिने धरले. फाटकाबाहेर तो थांबला, ट्रंक खाली ठेवली आणि आठ आणे मागू लागला. तिने दोन आणे पुढे केले. बाचाबाची झाली. तेव्हा बोटीतच ओळख झालेली दाभोळची एक कोळीण पाटी खाली ठेवून मध्ये पडली, आणि तिने त्या हमालाच्या सात पिढ्या अशा काही उद्धरल्या की तो तीन आण्यांवर आला. मग त्या कोळणीनेच कागद एका टोपीवाल्याला दाखवला.

“पण आजी, तो हमाल प्रामाणिकच होता की,” मी एकदा म्हणालो. आजी विचारात पडली. “व्हता,” ती म्हणाली, “पर मला ते फाटकापातूर ठावं नव्हतं.”

त्याच वर्षी १७ जुलैला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि वाटेत काश्याच्या खडकाजवळ उलटली. आषाढ अमावास्येसाठी गावी निघालेली माणसे. सहाशेहून अधिक बुडाली. लालबाग-परळच्या चाळींत दिवसेंदिवस चुली पेटल्या नाहीत, असे आजी सांगे. ज्या धक्क्यावर ती पाच महिन्यांपूर्वी ट्रंकेमागे धावली होती, त्याच धक्क्यावर बायका दिवसभर उभ्या होत्या. त्यानंतर ती पुन्हा बोटीत बसली नाही.

गावी परतली ती रेल्वेने. आणि इथे आमच्या मुलखाची गंमत पाहा. समुद्र सुटला, तरी धक्का सुटत नाही! सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग नेला, तो साताऱ्याला लांबून नमस्कार करून. स्टेशनाला नाव दिले ‘सातारा रोड’, आणि त्या ‘रोड’ शब्दात दहाएक मैलांची टांग्याची वाट लपलेली. परगावचा पाहुणा तिथे उतरला की आधी सातारा शोधी. सांगलीची तऱ्हा तीच. गाडी मिरजेला, सांगलीसाठी १९०७ मध्ये मिरजेहून पाच-सहा मैलांचा फाटा काढला, तेव्हा कुठे गणपतीच्या दर्शनाला गाडीने जाता येऊ लागले. पुढे १९७०-७१ च्या सुमारास लोहमार्ग रुंद झाला तेव्हा मुख्य वाट सांगलीवरून आली. कराडचे स्टेशन ओगलेवाडीला. गाव अजून पुढे. कंपनीच्या इंजिनिअरांना चढउतार, खर्च आणि पूल यांचा हिशेब करावा लागतो हे मला समजते. पण रात्री अकराला उतरलेल्या बाईला टांगा मिळतो की नाही, हा रकाना त्या हिशेबात नसावा.

आजी ओगलेवाडीच्या स्टेशनावर पहाटेपर्यंत बसली, आणि उजाडल्यावर बाजाराच्या गाडीने कराडला व तिथून पाटणच्या वाटेला लागली. पुढे एस.टी. आली, कुंभार्ली घाटातून दिवसाला कितीतरी गाड्या धावू लागल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वेही पुरी झाली. किनाऱ्याची जुनी आगबोट त्याआधीच थांबली होती. भाऊच्या धक्क्यावरून आता मोटारी पोटात घेऊन मांडव्याला जाणारी बोट सुटते, आणि बॅलार्ड पियरला २०२५ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले आहे. काचा, सरकते जिने, थंडगार हवा. बोरीबंदर तिथून मैल-दीड मैल.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, “सर, पुढच्या वेळी बोटीवाल्यांची बसच घेतो.” मुलगी झोपाळली होती, तिला खांद्यावर टाकून तो उठला. जाता जाता दारात थांबून त्याने विचारले, “पण त्या दिवशी तुमच्या आजी खोलीवर पोचल्या कशा?”

चालत. तीन आणे हमालाला गेले होते. ट्राम कुठे थांबते आणि कुठे उतरायचे हे विचारायची हिंमत उरली नव्हती. टोपीवाल्याने दाखवलेल्या दिशेने, ट्रंक डोक्यावर आणि पोर कडेवर घेऊन ती लालबागेत पोचली तेव्हा ऊन चढले होते. गावकीच्या खोलीत बापईगडी पाळीपाळीने झोपलेले. बाईमाणसाने आत जायचे कसे? आजोबा दिवसपाळीला. चाळीच्या जिन्यात तिने ट्रंक ठेवली, चुलत्याला मांडीवर घेतले, आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत त्या ट्रंकेवर बसून राहिली.