थरथरत्या काट्याचं कूळ

टर्बो गाडीत हौसेनं हवेचा दाब दाखवणारं बूस्ट गेज बसवून घेतलं की पुढची तक्रार ठरलेलीच असते. गाडी जागेवर सुरू ठेवली की काटा असा काही थरथरतो, की आकडा वाचता येत नाही, नुसता धूसर पट्टा दिसतो. गेज विकणारा म्हणतो, पीस खराब निघाला, बदलून देतो. मेकॅनिक म्हणतो, टर्बो पाहावा लागेल. बहुतेक वेळा पीसही चांगला असतो आणि टर्बोही. काट्याच्या या खोडीवरचा इलाज मोटारीपेक्षा जुना आहे, कारण काटा स्वतःच मोटारीपेक्षा जुना आहे. यवतमाळ जिल्ह्यात तो आला तो वाफेबरोबर.

वाफेचा जोर मोजायला आधी पाऱ्याची नळी वापरत. एका वातावरणाच्या दाबाला पाऱ्याचा स्तंभ 760 मिलिमीटर चढतो. म्हणजे बॉयलरमध्ये 10 पट दाब असेल, तर साडेसात मीटरहून उंच काच हवी. गिरणीच्या भिंतीला ती कशीबशी टांगता येईल, पण धावत्या इंजिनावर कुठे उभी करणार? दाब कळला नाही तर बॉयलर फुटायचे, माणसं मरायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न सगळ्या युरोपाला छळत होता.

उत्तर सापडलं ते एका दुरुस्तीत. पॅरिसचा यंत्रकार यूजीन बूर्दों याच्या कारखान्यात वेटोळं केलेली एक नळी चेपली गेली होती. ती सरळ व्हावी म्हणून त्यानं एक तोंड बंद केलं आणि दुसरीकडून पंपानं पाणी भरलं. नळी फुगली, आणि फुगता फुगता तिचं वेटोळं उलगडायला लागलं. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की जशी सुटी होत जाते, तशी. दाब काढला की ती परत मूळ आकारात. बूर्दोंनं 1849 मध्ये पेटंट घेतलं, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पदक मिळवलं, आणि 1852 मध्ये अमेरिकेतल्या ॲशक्रॉफ्टनं तिकडचे हक्क विकत घेतले. ल्युसियाँ विदी नावाचा दुसरा फ्रेंच माणूस पाऱ्याविना चालणारा वायुभारमापक आधीच करून बसला होता. त्यानं कोर्टात धाव घेतली आणि निकाल विदीच्या बाजूनं लागला. जगानं मात्र नळीला बूर्दोंचंच नाव ठेवलं.

एखादं जुनं बंद पडलेलं गेज हाताशी असेल तर काच काढून बघाच. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली पितळी नळी असते, छेद गोल नव्हे तर चपटा. दाब आला की चपटेपणा कमी होतो, सी किंचित उघडतो. नळीचं मोकळं टोक सरकतं ते जेमतेम काही मिलिमीटर. एक छोटी दांडी ही हालचाल पंख्याच्या आकाराच्या दातेरी पट्टीला देते, पट्टी मधल्या इवल्याशा चक्राला फिरवते, चक्रावर काटा. सोबत घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग, दात्यांमधली ढिलाई खेचून धरायला. टोकाची एवढीशी हालचाल तबकडीवर पाऊण वर्तुळाची होते. गोम इथेच आहे. जे यंत्र खरी हालचाल इतकी मोठी करून दाखवतं, ते नको असलेली थरथरही तेवढीच मोठी करून दाखवणार.

आता यवतमाळला हा काटा आणणाऱ्या वाफेकडे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अडीच फुटी लाईन किलिक निक्सन कंपनीनं घातली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायचा. या लाईनवरच्या शकुंतला नावाच्या गाडीला ओढणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिनही 1921 मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं. ते थेट 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरसमोर प्रेशरचा काटा असतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या नळीला एक वळसा दिलेला असतो. त्या वळशात वाफेचं पाणी होऊन साचतं, त्यामुळे तापलेली वाफ थेट गेजमध्ये शिरत नाही. 1923 च्या बॉयलर कायद्याखाली आलेल्या कारखान्यांतही बॉयलरवर असा वळसा दिसतो.

थरथरीशी खरी झटापट झाली ती मात्र पंप आणि कॉम्प्रेसरच्या गेजवर. कापसाच्या गाठी दाबणारे हायड्रॉलिक प्रेस घ्या. दट्ट्याचा पंप दाब सलग देत नाही, ठोक्या-ठोक्यानं देतो, आणि प्रत्येक ठोक्याला काटा उसळतो. अशा गेजच्या नळीवरचा कॉक पूर्ण न उघडता जरासाच उघडा ठेवला की काटा शांत होतो. दाब तोच पोहोचतो, फक्त अरुंद वाटेनं. झटक्याला आत शिरून परत फिरायला वेळच मिळत नाही, आणि काटा सरासरी दाखवतो. पुढे गेजच्या तोंडातच बारीक छिद्राचा स्क्रू येऊ लागला, आणि तबकडीत ग्लिसरीन भरलेली गेजं आली. ग्लिसरीन काट्याला बाहेरून आवरतं, छिद्र मात्र झटक्याला दारातच अडवतं. माझं मत छिद्राच्या बाजूनं.

टर्बोचं कूळ वेगळं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यानं 1905 मध्ये पेटंट घेतलं: वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात हवा कोंबायची. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसनं टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन पाईक्स पीकवर सुमारे 14,000 फुटांवर नेऊन चालवून दाखवलं. मोटारीत तो 1962 मध्ये आला. आपल्याकडे रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बूस्टर हवेच्या दाबाचा काटा असायचा. म्हणजे बूस्ट गेज इथल्या माणसानं पाहिलं तेही बहुधा आधी रेल्वेतच. रस्त्यावर 1998 ची टाटा सफारी आणि 2002 ची स्कॉर्पिओ आल्यावर टर्बो हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला, आणि मग पोरांना डॅशबोर्डवर काटा हवासा वाटू लागला.

आता त्या गाडीकडे. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर उभं असेल तर मिनिटाला 1600 वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण 27 वेळा, कुठला ना कुठला सिलिंडर हवेचा घोट घेतो. प्रत्येक घोटाला सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब हिसका खातो. गेजची नळी एखाद्या सिलिंडरच्या तोंडाशीच जोडली असेल तर हे हिसके सरळ काट्यावर. काट्याचा स्वतःचाही एक डुलण्याचा वेग असतो. इंजिनाचे हिसके त्याच्या जवळपास आले की थरथर वाढते, म्हणूनच एका आरपीएमला काटा नाचतो आणि जरा रेस दिली की गुमान बसतो. हे असंच चालू दिलं तर दातेरी पट्टी त्याच एका जागी झिजते, आणि मग काटा तिथून उडी मारूनच पुढे जातो.

इलाज स्वस्त आहे. नळी सिलिंडरच्या तोंडाशी न जोडता मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीला जोडावी. नळीत, गेजच्या बाजूला, मिलिमीटरभर छिद्राचा पितळी तुकडा घालावा. जुन्या कार्बोरेटरचा जेट चालतो. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा हवेचा छोटा व्हॉल्व्हही चालतो, आणि तो फिरवून हवा तेवढा आवळता येतो. काटा थांबेपर्यंत आवळा, गोठेपर्यंत नको. फार आवळलात तर टर्बोनं दाब दिल्यावर काटा मागून रेंगाळत येईल. नळीत तेल साचलं आहे का, क्लिप ढिली आहे का, आणि गेज बसवलेला कप हलत तर नाही ना, हे त्याआधी बघा. इलेक्ट्रॉनिक गेज ही सरासरी आतल्या आत काढून दाखवतं, म्हणून ते शहाणं वाटतं, एवढंच.

एक मात्र लक्षात ठेवा. जागेवरची बारीक, भरभर थरथर ही गेजची गोष्ट. पण चढावर पूर्ण जोर देताना काटा सावकाश वर-खाली झोके घेत असेल, तर तो खरं बोलतो आहे. अशा वेळी छिद्र घालून त्याला गप्प करू नका. टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेटची नळी आणि तो हलवणारा ॲक्च्युएटर आधी तपासून घ्या.