शाळांचे प्रकार आणि त्यांचे धनी

पेशवाई बुडाली त्या वेळी मराठी मुलखात शाळा नव्हत्या असे कोणी म्हणेल, तर ते यथार्थ नाही. शाळाखाते नव्हते, एवढेच खरे. देवळाच्या ओवरीत, सावकाराच्या पडवीत किंवा स्वतःच्याच ओसरीवर पंतोजी शाळा भरवीत, आणि त्यांचा चरितार्थ मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर, सणावाराच्या पोस्तावर आणि क्वचित दोन-चार पैशांच्या रोकडीवर चाले. धुळपाटीवर ओनामा गिरवून हात बसला, की मोडीचे वळण, पत्रांचे मायने, खत, रोजकीर्द, खतावणी असा क्रम असे; आणि दिवेलागणीस परवचा म्हणताना पोर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी करीत औटकीपर्यंत पोहोचे. आज आपणांस ही साडेतीनपट घोकण्याची यातायात हास्यास्पद वाटते. पण शेर-मणांत धान्य मोजणाऱ्या बाजारपेठेत आणि गावकुळकर्ण्याच्या दप्तरात हिशेब तोंडी करणारा मनुष्यच उपयोगी पडे, आणि शिधा देणाऱ्या बापाची मागणीही तेवढीच होती. छडी आणि अंगठे धरणे ही त्या विद्येची अविभाज्य अंगे होती, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या घरचा शिधा घेणे पंतोजी विटाळ मानीत त्यांना, आणि मुलींना, तेथे जागा नव्हती.

याहून निराळी संस्था म्हणजे शास्त्र्यांची पाठशाळा. तेथे विद्यार्थ्याकडून द्रव्य घेणे निषिद्ध. त्यामुळे तिला राजाश्रयाची गरज. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जी दक्षिणा वाटली जाई, ती या विद्येची खरी पोटगी होती. इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनसाहेबांनी हा खर्च एकाएकी बंद केला नाही. त्यातीलच काही रक्कम वळवून 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारी पाठशाळा उघडण्यात आली. न्याय, व्याकरण, ज्योतिष यांच्या शेजारी हळूहळू इंग्रजी येऊन बसली, 1851 साली तिचे पूना कॉलेज झाले, आणि पुढे तेच डेक्कन कॉलेज या नावाने येरवड्याच्या बाजूस गेले. ज्या दक्षिणेवर वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांचाच हक्क समजला जाई, तिच्याच फंडातून पुढे जोतीराव फुले यांच्या शाळांना साहाय्य मिळाले. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून शहराचा रोष ओढवून घेणाऱ्या गृहस्थाला पेशव्यांच्या दानधर्माचा वाटा मिळावा, हा दैवदुर्विलास म्हणावा की न्याय, हे ज्याने त्याने ठरवावे.

1854 चा वुडसाहेबांचा खलिता आला, 1855 मध्ये शाळाखाते स्थापन झाले, आणि शाळांना आज आपण ओळखतो ती वर्गवारी प्राप्त झाली: सरकारने चालविलेली, सरकारने ग्रँट दिलेली, आणि सरकारशी संबंध नसलेली. ग्रँटबरोबर दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, आले. तपासणीच्या दिवशी शाळा सारवली जाई, पोरांना धुतलेल्या टोप्या घालीत आणि मास्तरांच्या घशाला कोरड पडे, कारण परीक्षेच्या निकालावर ग्रँटीचा आकडा अवलंबून असे. मराठी सहा-सात इयत्ता करून व्हर्नाक्युलर फायनल झालेला तलाठी किंवा मास्तर होई. इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेला मामलेदार कचेरीकडे डोळे लावी.

या व्यवस्थेचा भार मात्र जमिनीवर होता. 1863 पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला व त्यातील तृतीयांश शाळांकडे गेला. कर कुणब्याने भरावा आणि कॉलेजे वरिष्ठ वर्णांच्या मुलांनी भरावीत, ही विसंगती 1882 साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी इतक्या रोखठोकपणे मांडली, की तिचा प्रतिवाद करण्याचे धाडस त्या काळच्या विद्वानांपैकी फारच थोड्यांना झाले असते.

पुण्यातील विद्वान त्याच सुमारास दुसऱ्या खटाटोपात गुंतले होते. सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साहाय्याने 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर मागाहून आले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. येथे खर्चाचा मोठा हिस्सा शिक्षकच उचलीत होते, कारण बाजारभावाने ज्यांना दुप्पट-तिप्पट मिळाले असते, असे आजीव सभासद बेताच्या वेतनावर वीस वर्षांची बांधिलकी पत्करीत. वेतनाबाहेर मिळकत करावी की नाही यावरून त्यांच्यात कलह माजला, आणि 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. त्यागाचा जमाखर्च मांडावयास बसले म्हणजे असे व्हावयाचेच.

त्याच मंडळीतले गोखले दरमहा 75 रुपयांवर आपली बांधिलकी पुरी करून कायदे कौन्सिलात गेले आणि 1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये हाच प्रयोग सर्व राज्यात चालू केला होता, त्यामुळे ही कल्पना अव्यवहार्य आहे असे म्हणण्याची सोय नव्हती. पण पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न पुढे करण्यात आला आणि 1912 च्या मार्चात 38 विरुद्ध 13 मतांनी बिल नापास झाले. पाच वर्षांनी कोल्हापूर दरबाराने आपल्या मुलखात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. खर्च संस्थानच्या खजिन्यातून, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड.