पेशींचे विशेषीकरण

शरीरातील जवळपास सर्व पेशींत जनुकसंच एकच असतो. त्यातली ठरावीक जनुके कार्यरत ठेवून आणि बाकीची बंद ठेवून पेशीने स्वतःचे रूप व काम पत्करणे, म्हणजे पेशींचे विशेषीकरण.

विशेषीकरण समजून घ्यायला शेळीची कास फार चांगली. शेळीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. दुधातील केसीन प्रथिनांची चार जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत, आणि ती खुराच्या, मेंदूच्या, कातडीच्या पेशींतही आहेत. तिथे ती डीएनएवरच्या मिथाइल या रासायनिक खुणांनी आणि घट्ट गुंडाळलेल्या डीएनएमुळे बंद राहतात. पेशी दुभंगताना या खुणांचीही नक्कल होते, म्हणून कातडीच्या पेशीपासून कातडीच तयार होते.

गाभण शेळीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर असते. ते दुधाला रोखून धरते. विण्याच्या सुमारास ते उतरते. मग प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कासेतील पेशींच्या ग्राहींना चिकटते, पेशीतले स्टॅट-५ प्रथिन केंद्रकात शिरून केसीनच्या जनुकांजवळ बसते, जनुकाची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन घडते. करडांचे पिणे थांबले की हा इशारा ओसरतो, दूध देणाऱ्या बऱ्याच पेशी मरतात आणि शेळी आटते.

पेशींमधली कामांची वाटणी गर्भाच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू होते: बाहेरच्या पेशी वारेकडे, आतल्या करडाकडे.

बंद झालेली जनुके नष्ट होत नाहीत, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीच्या केंद्रकापासून नवी पिले घडवून दाखवले. १९९६ मध्ये सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशीपासून डॉली ही मेंढी जन्मली. त्यासाठी जुळवलेल्या २७७ अंड्यांतून ती एकटीच निघाली. विशेषीकरणाचा उलटा प्रवास किती अवघड, ते या आकड्यातून कळते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या विशेषीकृत पेशींना चार जनुकांनी मूळपेशींसारखे केले. २०१२चे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळाले.

जनुक सर्व पेशींत असते, पण काम ठरावीक ठिकाणीच करते, या माहितीचा महाराष्ट्रातला ठळक उपयोग फलटणचा. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या जनुकाचा परिणाम बीजांडकोशात दिसतो: एका वेळी जास्त अंडी पक्व होतात, जुळी वाढतात. नराला बीजांडकोश नसतो. तरी जनुक त्याच्याही पेशींत असल्यामुळे पैदाशीचा मेंढा रक्ताच्या डीएनए तपासणीवरून निवडता येतो.