जात्याला सांगितलेलं दुःख

महाबळेश्वरच्या आमच्या वाड्यावस्त्यांवर आषाढात दार उघडलं की धुकं घरात शिरतं. अशा पहाटे नाचणीचं दळण मांडून आमच्या आज्या जात्यावर ओव्या गायच्या. अंथरुणात ऐकणाऱ्या आम्हा पोरींचे डोळे भरून यायचे. दुःख दुसरीचं, मग रडू आपल्याला का यावं? तेच आज बोलू.

ही गाणी फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, असं त्यात नोंदलंय. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे त्याआधी दीडशे वर्षं ओवी आपल्या मुसळाजवळ होतीच. राजाने गाणारीचं नाव मात्र लिहून ठेवलं नाही!

हजार वर्षांपूर्वी काश्मीरचे अभिनवगुप्त यांनी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर विचार करताना सांगितलं, की कलेतलं दुःख कुणा एकाचं राहत नाही. नावगाव गळून पडतं, म्हणून ऐकणाऱ्याला ते आपलं वाटतं. आम्हाला वाटतं, हे जात्यावर बसणारीला न शिकता कळलं होतं. सासूचा शब्द लागला, माहेरचा निरोप आला नाही, हे उघड बोलायची सोय नव्हती. पण ओवीतली सासू कुणाचीही असते. समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या सासूला बोट दाखवता येत नसे. कधी तीच पुढची ओवी उचलायची. तिलाही सासू होतीच की.

१९८० नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून सहकाऱ्यांसह एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणारीचं नाव आणि गाव लिहून. राजाने सोडलेलं काम असं झालं.

आता दळण गिरणीत जातं. त्या आवाजात गाणं ऐकू येत नाही. आमच्या गटातल्या एका आजीला ओव्या विचारल्या, तर म्हणाल्या, “विसरले गं सगळं.” मग पडवीतलं जातं पुसून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मूठभर नाचणी वैरली, हात फिरू लागला आणि चौथ्या फेऱ्याला पहिली ओवी आली. आम्ही लिहून घेईपर्यंत त्या तिसरीवर पोचल्या होत्या.