रद्दीत जाण्याआधी

तारीख १३ मार्च १९६४, वार शुक्रवार. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावी, कॅलटेकच्या व्याख्यानगृहात मागच्या रांगेत जागा मिळेल तिथे बसा. आजूबाजूला सगळी पहिल्या वर्षाची मुलं. मुलगी एकही नाही, कारण पदवीच्या वर्गात मुलींना घ्यायला या संस्थेला १९७० साल उजाडणार आहे.

फळ्यासमोर रिचर्ड फाइनमन. नोबेल पुढच्या वर्षी मिळायचं आहे, पण १९६१ ते ६३ अशी दोन वर्षं त्यांनी याच संस्थेत शिकवलेल्या भौतिकीचा बोलबाला आधीच झालाय. त्या मालिकेची पुस्तकं रॉबर्ट लेटन आणि मॅथ्यू सँड्स तयार करतायत. आजचा तास मात्र मालिकेबाहेरचा. प्रश्न एकच: ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळातच का फिरतात? आणि उत्तर शाळेतल्या भूमितीनेच द्यायचं, कलनशास्त्राला हात लावायचा नाही.

न्यूटनने हे करून ठेवलंय. पण त्याच्या वाटेवर मध्येच शांकवांचे असे गुणधर्म येतात की ते आता कुणाला तोंडपाठ नसतात. फाइनमनांनाही ती पायरी चढवेना, म्हणून त्यांनी पुढची वाट स्वतः काढली.

आता जरा सावरून बसा. ग्रहाच्या वाटेचे तुकडे समान वेळेचे न करता समान कोनांचे करायचे. ग्रह लांब गेला की सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, पण तेवढाच कोन कापायला त्याला वेळही नेमका त्याच प्रमाणात जास्त लागतो. घट आणि वाढ एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे प्रत्येक तुकड्यात वेगात पडणारा फरक तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा दर खेपेला सारखीच वळते. सारख्या लांबीच्या रेघा सारख्या कोनाने वळवत जोडत गेलात तर वर्तुळाशिवाय दुसरं काय होणार? वेगांच्या आकृतीतलं हे वर्तुळ एकोणिसाव्या शतकात हॅमिल्टनने पाहिलं होतं, मॅक्सवेललाही ठाऊक होतं. वेग मोजायचा बिंदू मात्र त्याच्या केंद्रात नसतो, थोडा बाजूला असतो, आणि त्या बाजूला सरकण्यातूनच लंबवर्तुळ निघतं. पटत नसेल तर घरी गेल्यावर कागदावर वर्तुळ काढा, आत केंद्रापासून थोडा बाजूला ठिपका द्या, आणि परिघावरचा एकेक बिंदू त्या ठिपक्यावर टेकेल अशा घड्या घालत जा. वीस-पंचवीस घड्यांत लंबवर्तुळ डोळ्यांना दिसायला लागतं.

फाइनमनांचं बोलणं टेपवर चाललंय. आकृत्या मात्र फळ्यावर आहेत, आणि ते बोट दाखवून ‘हा’, ‘तो’, ‘इथून तिथे’ अशा भाषेत बोलतायत. हे ध्यानात ठेवा, पुढे याचाच त्रास होणार आहे.

चार वर्षं पुढे या. १९६८. ज्युडिथ गुडस्टीन नावाच्या तिशीच्या आतल्या बाईंना कॅलटेकने आपली पहिली आर्काइव्हिस्ट नेमलंय. नवरा डेव्हिड भौतिकीत, त्यामुळे बिऱ्हाड पॅसाडीनात. यांचा स्वतःचा प्रबंध विज्ञानाच्या इतिहासातला, हम्फ्री डेव्हीच्या रसायनविचारावरचा. तो वॉशिंग्टन विद्यापीठात पुढच्या वर्षी मान्य व्हायचाय. हे सगळं मुद्दाम सांगतोय. दप्तर सांभाळायला माणूस नेमताना व्यवस्थित आणि शिस्तीचा कुणी मिळाला की पुष्कळ संस्थांचं समाधान होतं. कागद नीट राहतात, पण कुठला कागद कशाचा हे कळणारं कुणी त्यांच्याजवळ नसतं. इथे किल्ली आणि जाण एकाच माणसाकडे आली.

त्यांच्यामागे थोडा वेळ हिंडा. भौतिकीतल्या मिलिकनांचे कागद, विमानविद्येतल्या फॉन कार्मानांचे कागद, खोक्यांवर खोकी. कामाला थाट कसलाच नाही. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये घालायचे, आणि मूळ मालकाने जो क्रम ठेवला तो शक्यतो मोडायचा नाही. हे शेवटचं नव्या माणसाला सगळ्यात जड जातं, कारण हात शिवशिवतात. पण कोणतं पत्र कुठल्या बिलाशेजारी पडलं होतं, यातूनच कधीकधी गोष्ट कळते. मग सूची करायची. सूची नसलेलं दप्तर असून नसल्यासारखं.

खरी अडचण शास्त्रज्ञांची. त्यांची नजर पुढच्या प्रयोगावर, कालची वही त्यांच्या लेखी अडगळ. त्यांना बोलतं करायला १९७८ पासून इथे मुलाखतींचा उपक्रमच सुरू झाला, कारण जे कागदावर कधी उतरलंच नाही ते माणसासोबत जातं. १९९१ मध्ये गुडस्टीनबाईंनी कॅलटेकचा इतिहास लिहिला. थ्रूप नावाच्या माणसाने १८९१ मध्ये काढलेल्या शाळावजा संस्थेचं खगोलशास्त्रज्ञ हेल, रसायनशास्त्रज्ञ नॉइज आणि मिलिकन या तिघांनी काय करून टाकलं, त्याची ती हकिगत. शिवाय १९८९ पासून त्या संस्थेच्या रजिस्ट्रारही होत्या. दोन खुर्च्या, माणूस एक.

आता एप्रिल १९९२. लेटन आजारी आहेत, काही वर्षांत ऑफिसात आलेले नाहीत. सूर्याच्या पृष्ठभागाची पाच मिनिटांची धडधड शोधणारा, मरिनर ४ ने पाठवलेल्या मंगळाच्या छायाचित्रांचं काम पाहिलेला हा माणूस. त्यांच्या पत्नीने पुस्तकं आणि घरच्या वस्तू नेल्यात. विभागप्रमुख गेरी नॉयगेबाउअर हे लेटन यांचे जुने सहकारी. ते गुडस्टीनबाईंना सांगतात, खोली रिकामी करायची आहे, दप्तरासाठी हवं ते उचला, उरलेलं फेकून देणार.

तुम्ही दारात उभे राहा, आत गर्दी करू नका. कपाटं, फाइली, त्यात आणखी फाइली. चाळता चाळता एक टंकलेखित मजकूर हाती येतो. संपादनाचा हात न लागलेला, विषय ग्रहांची सूर्याभोवतीची गती, व्याख्याते फाइनमन. छापील खंडांत हे व्याख्यान नाही. फाइनमनांना जाऊन चार वर्षं झालीत. टेपवरून उतरवून घेतलेला तास अठ्ठावीस वर्षं इथे पडून होता, आणि पुढचा मुक्काम कचऱ्याचा ट्रक.

याला लोक योगायोग म्हणतात. मला पटत नाही. तोच कागद साफसफाई करणाऱ्या माणसाच्या किंवा घाईतल्या कारकुनाच्या हातात आला असता तर तो एक जुना टाइप केलेला गठ्ठाच ठरला असता. छापील खंडांत काय आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच काय नाही ते दिसतं. दुसरं असं की खोली रिकामी करण्याआधी दप्तरखान्याला बोलवायचं, ही सवय संस्थेला चोवीस वर्षांत लागली होती. ती आपोआप लागत नाही.

मजकूर मिळाला, पण फळ्याचे फोटो सापडेनात. डेव्हिड गुडस्टीन टेप लावून बसतात. तुम्हीही ऐका: ‘हा’ म्हणजे कुठला? ‘तो’ कोण? भूमितीची सिद्धता आकृतीवाचून ऐकणं हा छळ आहे. पुढे फाइनमनांच्या स्वतःच्या टिपणांची पानं हाती आली, तेव्हा कुठे सिद्धता अथपासून इतिपर्यंत उभी राहिली. १९९६ मध्ये दोघा नवरा-बायकोच्या नावाने पुस्तक निघालं, सोबत फाइनमनांच्या आवाजाची सीडी. आकृत्या नव्याने काढाव्या लागल्या.

माझ्या मते बाईंचं याहून मोठं काम वेगळंच आहे, ते इटालियन गणितींवरच्या त्यांच्या पुस्तकांचं. त्यासाठी साठ वर्षं मागे, रोमला चला. १९३१ ची अखेर. मुसोलिनीच्या सरकारने प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली आहे. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांतून नकार देणारे बाराच. त्यांत गणिती व्हितो व्होल्तेर्रा, वय ७१. विद्यापीठ सोडावं लागतं. त्यांचा धाकटा सहकारी तुल्लिओ लेव्ही-चिविता सही करतो. याच्या गणिताचा हात धरून आइन्स्टाइन सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतापर्यंत पोचले. १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यू म्हणून त्याचीही खुर्ची जाते. सही करून काही वाचलं नाही.

गुडस्टीनबाई २००९ पर्यंत आर्काइव्हिस्ट होत्या. व्होल्तेर्रांवरचं पुस्तक त्यांनी २००७ मध्ये लिहिलं, गणिती रिच्ची आणि लेव्ही-चिवितांवरचं २०१८ मध्ये, म्हणजे खुर्ची सोडल्यावर नऊ वर्षांनी. दुसऱ्यांचे कागद लावण्यात आयुष्य काढलेली बाई दुसऱ्यांच्या दप्तरखान्यात जाऊन बसते, तेव्हा तिला कुठलं खोकं आधी उघडायचं ते सांगावं लागत नाही. व्होल्तेर्रांचे कागद रोमच्या लिन्चेई अकादमीत आहेत. नकाराच्या त्या पत्रात तुम्हाला भाषण सापडणार नाही. कारणं देत, कुठेही आवाज न चढवता एक वृद्ध प्राध्यापक शपथ घेता येत नाही एवढंच रेक्टरला कळवतो.