फुलीचा टांका आणि उठावाची गांठ

बदलापूर गांवापासून मुंबईपर्यंतच्या एखाद्या जुन्या घरीं फुलीच्या टांक्यांनीं भरलेला पोपट चौकटींत बसविलेला आढळला, तर वाचकांनीं त्याचा डोळा पाहावा. सारें अंग सपाट असून डोळा मात्र पुष्कळदां गांठीचा, किंचित् वर आलेला असतो. ही गांठ आमच्या भरतकामांत कशी रुळली, हें पाहण्याजोगें आहे.

फुलीचा टांका आम्हांस परका नव्हे. धारवाड-बेळगांवकडील कसुतींत त्यास ‘मेंथी’ म्हणतात. तेथें कापडाचे धागे मोजून गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन भरतात. त्याच कामांतील ‘गवंती’ टांक्याचें नांव गांठ या अर्थाच्या कानडी शब्दावरून आलें असें सांगतात. पण गांठ दिसणें हाच तेथें दोष! गवंती दोहों बाजूंस सारखी दिसावी लागते, कारण नेसत्या चंद्रकळेचा पदर उलटला कीं मागील बाजूहि लोकांपुढें येते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरीं चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापून निघूं लागले. मिशनच्या मुलींच्या शाळांतून युरोपीय शिवणकाम इकडे आलें. पुढें पंडिता रमाबाईंचें केडगांवचें मुक्तिसदन आणि १९०९ सालीं पुण्यांत निघालेलें सेवासदन यांसारख्या संस्थांनीं हातकामास शिक्षणांत स्थान दिलें. निराधार स्त्रीस तें उपजीविकेचें साधन झालें.

मॅटीवरील हें काम नेसावयाचें नव्हतें. उलटी बाजू भिंतीकडे गेली आणि गांठीवरील बंदी उठली. शिवाय फुलीची आकृति पायऱ्यापायऱ्यांनीं चढते. डोळा, केसर, द्राक्ष अशा बारीक गोल वस्तु तींत साधत नाहींत. त्यांसाठीं सुई वर काढून धागा तीभोंवतीं एकदोनदां गुंडाळावा, ताणून धरावा आणि सुई लगतच्या जागीं खालीं न्यावी. त्याच छिद्रांत घातल्यास गांठ मागें निसटते. हिला फ्रेंच गांठ म्हणतात; चिनी रेशीमकामांत अशीच गांठ फार जुनी आहे.

कसुतीस २००६ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. घरगुती चौकटींची नोंद कोण ठेवणार? त्यांवर भरणारणीचें नांवहि बहुधा नसतें. म्हणून काच बदलावयास चौकट उघडाल, तेव्हां मागील बाजू अवश्य पाहावी. धागा कसा नेला, गांठ कोठें अडकविली, मूळ रंग किती गडद होता, हें तेथेंच कळतें. आणि आजीचें किंवा पणजीचें नांव ठाऊक असेल, तर तें मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावें.